माथ्यावरची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. सायकलच्या हँडलवर बसणारा, काडेपेटीहून थोडासा मोठा, चार बटणांचा जीपीएस. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि डावीकडच्या बटणाचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे. माझी कहाणी ऐकायला बसलात, बरं वाटलं. तरी विचारतो, तुम्हाला इथे पाठवलं कुणी? राग मानू नका. संशय घेणं हा माझा धंदाच आहे. आकाशातला एखादा उपग्रह म्हणाला, "तू अमुक ठिकाणी आहेस," तर मी लगेच मान डोलावत नाही. दुसऱ्याला विचारतो, तिसऱ्याला विचारतो, आणि चौथ्यानेही तेच सांगितलं तर मग कुठे पडद्यावर ठिपका टेकवतो. एकाच्याच शब्दावर निघालेली माणसं कुठे जाऊन पोहोचतात, ते मी पुष्कळ पाहिलं आहे.

ही सवय मला कारखान्यातच लागली. माझे स्क्रू आवळून होतात न होतात तोच मला एका लोखंडी पेटीत कोंडलं आणि खोट्या उपग्रहांचे आवाज ऐकवले. त्या आवाजांनी छातीठोकपणे सांगितलं की मी समुद्राच्या मधोमध आहे. मी भाबडा! मी ठिपका पाण्यात टेकवला. पेटी उघडली तेव्हा मी एका टेबलावर होतो आणि शेजारी कुणाचा तरी अर्धा खाल्लेला डबा होता. तपासणाऱ्या बाईने खूश होऊन माझ्या पाठीवर 'पास'ची चिकटपट्टी लावली. म्हणजे फसलो म्हणून पास झालो. त्या दिवसापासून गोड आवाजात कुणी काही सांगू लागलं की मी आधी सावध होतो.

माझा पहिला मालक विमा कंपनीतला साहेब होता. त्याने मला हौसेने घेतलं, चार मित्रांना दाखवलं आणि सायकल मात्र फारशी चालवली नाही. एकदा त्याने मला मोटारीत ठेवून चढावरून फिरवून आणलं आणि तो वेग सायकलच्या नावावर ॲपवर चढवला. दोन दिवस वाहवा झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "साहेब, ह्या वेगाला पायडल किती वेळा मारलंत?" साहेबाचं तोंड उतरलं आणि त्याने मला सायकलच्या दुकानात विकून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दुकानदार काकांनी मला पुसून काचेच्या कपाटात ठेवलं. तिथे मी घंट्या, कुलपं आणि टोप्या यांच्यामध्ये बराच काळ पडून राहिलो.

मग एके दिवशी पांढरी काठी टेकत ताई दुकानात आली.

ताईला जन्मापासून दिसत नाही. ती हाडांच्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे चोळून मोकळे करते. तिची बोटं फार हुशार आहेत. तिने मला हातात घेतलं, कडेने फिरवलं, बटणं चाचपली आणि विचारलं, "काका, ह्याला आवाज आहे?"

"आहे की. उजवं वळण आलं की एकदा वाजतो, डावं आलं की दोनदा. वाट सोडली की कुरकुर करतो आणि चढाचा माथा आला की लांब शिट्टी मारतो. पण ताई, हे जुनं झालं हो. फोनमध्ये ॲप घ्या ना, ते तर बोलतंसुद्धा. वर फुकट."

"ॲप आहे माझ्या फोनमध्ये. दादानेच भरून दिलंय, आणि रस्ताही दर वेळी तोच आखून देतो." ताईने मला मुठीत धरलं. "मला त्याचा हात न लागलेलं काहीतरी हवंय."

हे ऐकलं मात्र आणि मी ओळखलं. ही बाई माझ्या जातीची होती.

आता तुम्हाला जोडसायकल माहीत असेल. एकाच सांगाड्यावर दोन सीटा, दोन हँडलं, दोघांची पायडलं. पुढचा माणूस सायकल वळवतो, ब्रेक लावतो, खड्डे चुकवतो. मागच्याला वळवता येत नाही, नुसता जोर लावता येतो. पण दोघांची पायडलं साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे एकाने पाय सैल सोडले की दुसऱ्याला पावलांतून कळतं. ताईची जोडसायकल होती आणि पुढच्या सीटवर तिचा मोठा भाऊ बसत असे. दादा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. रविवारी बसला सुट्टी, म्हणून रविवार ताईचा. आठवडाभर काठी टेकत जपून पावलं टाकणारी ताई रविवारी दादाच्या पाठीमागे भरधाव जात असे आणि वाऱ्यावर मोठ्याने हसत असे. दादाशिवाय तिच्या पुढच्या सीटवर बसणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग तिला संशय का आला? ते तिने काकांना सांगितलं, मला पट्टीने बांधून बघताना. "दोनदा झालं असं. आधी पाण्याच्या टाकीच्या चढावर, मग दगडखाणीच्या. मला वाटतं अजून बरंच वर जायचंय, तोवर दादा म्हणतो, आलो, संपला चढ. आणि त्याआधी पायडल असं मेल्यासारखं होतं. ऊन उजव्या गालावर असतं ते एकदम डाव्या गालावर येतं. वर पोहोचल्यावर ऊन जागा बदलतं होय, काका?"

काकांनी "रस्ते वळतात हो, ताई" असं काहीतरी सांगून विषय टाळला. मी टाळला नाही. ऊन एका गालावरून दुसऱ्या गालावर जातं ते सायकल मागे वळल्यावर, हे सांगायला उपग्रह लागत नाहीत.

अशा तऱ्हेने मी ताईच्या हँडलवर बसलो. माझा पडदा तिच्याकडे आणि माझी पाठ दादाच्या पाठीकडे. मी पडद्यावर निळी नदी काढायचो, पिवळा रस्ता काढायचो, त्यावर आमचा बाण सरकवायचो आणि ते बघणारं कुणीच नव्हतं. दादाला मागे वळून बघता येत नव्हतं आणि ताईला दिसत नव्हतं. पण माझा आवाज मात्र तिने इतका मनापासून ऐकला की तेवढा कुणी ऐकला नाही. एक टींग झालं की ती उजवीकडे कलायला तयार व्हायची, दोन झाली की डावीकडे. दादा म्हणायचा, "अगं, मी सांगायच्या आधीच तू कशी झुकतेस?" ताई नुसती हसायची.

दादाच्या हँडलवर त्याचा फोन होता आणि फोनमध्ये ते ॲप. मेलं महागोडबोलं. तुम्ही रस्ता चुकलात तरी रागवायचं नाही, "नवा मार्ग शोधत आहे" म्हणायचं. रडतखडत घरी आलात तरी "आज छान चालवलंत" म्हणायचं. ज्याला सगळेच छान वाटतात, त्याचा भरवसा कुणी धरावा? एका धुक्याच्या सकाळी त्याने आम्हाला एका बंद गोदामाच्या फाटकापाशी नेऊन उभं केलं. मी आधीपासून कुरकुरत होतो. ताई म्हणाली, "दादा, मागे चल, माझं खोकं म्हणतंय उजवीकडे." आम्ही मागे गेलो, उजवीकडे वळलो आणि रस्ता सापडला. दादाने चक्क माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "तुझं खोकं माझ्या ॲपपेक्षा शहाणं निघालं गं!" मी फुगलो, हे कबूल करतो. आणि तरीही मनात आलं, हा एवढी स्तुती का करतोय?

ताईला खिंडीचा घाट चढायचा होता. लहानपणी वडील दोघांना बसने त्या घाटातून न्यायचे. माथ्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करायचा आणि एकदम शांतता व्हायची. दादाला तिथून खालची शेतं दिसायची. ताईला ती शांतता आठवत होती. स्वतःच्या पायांनी वर जाऊन ती पुन्हा ऐकायची, हे तिने मनाशी धरलं होतं. मी आल्यापासून आम्ही सपाटीवरच फिरत होतो. चढाचं नाव काढलं की दादा म्हणायचा, "बघू गं, घाई काय आहे?" शेवटी एकदा तो हो म्हणाला. ताई मला घेऊन गुपचूप काकांकडे गेली आणि तिने घाटाचा रस्ता माझ्याच नकाशावर आखून घेतला. दादाला त्यातलं काही सांगितलं नाही. मीही सांगणारा नव्हतो.

त्या दिवशी हवा कोरडी होती. पायथ्यापासून दादाचा श्वास मला ऐकू येत होता. आधी नाकातून, मग तोंडातून. ताई मागून जोर लावत होती. "चल दादा, चल!" दादा मान खाली घालून पायडल दाबत होता. बरंच वर गेल्यावर सायकल एका लांब सरळ रस्त्याला लागली आणि मी पाहिलं की आम्ही आखलेली वाट सोडली आहे. माझी वाट डावीकडे वळसे घेत वर गेली होती. आम्ही सरळ चाललो होतो. मी कुरकुरू लागलो.

"दादा, हे कुरकुरतंय. रस्ता सोडलास?"

"सोडायला दुसरा आहे कुठे?" दादा धापा टाकत म्हणाला. "एकच रस्ता आहे."

मी आणखी जोरात कुरकुरलो. दोन्ही बाजूंनी ट्रकचा आवाज घुमून परत येत होता. ताईने मान इकडेतिकडे फिरवली. तिच्या आठवणीतल्या घाटात आवाज असा घुमत नव्हता. मग पायडल हलकं झालं, ब्रेक लागला आणि दादा शाळेच्या पोरांना सांगतो त्या सुरात म्हणाला, "आलो! उतरा!"

ताई उतरली. तिने एक हात माझ्यावर ठेवला आणि वाट पाहिली. मी शिट्टी मारली नाही. कशी मारणार? उपग्रह सांगत होते त्या जागी माझ्या नकाशात रस्ताच नव्हता. माझ्या नकाशाप्रमाणे आम्ही डोंगराच्या पोटात उभे होतो आणि माथा अजून वर, डावीकडे होता. उपग्रहांवर संशय घ्यायची मला सवय होती. नकाशा माझा स्वतःचा होता.

"दादा, हे वाजलं नाही."

"बिघडलं असेल."

"धुक्यात बिघडलं नव्हतं. आणि इथे शांतता कुठेय? नुसते ट्रक जातायत." ताई त्याच्याकडे वळली. "परत तेच केलंस ना? अर्ध्यातून वळलास आणि म्हणतोस आलो. मला दिसत नाही म्हणून काहीही सांगायचं?"

घामाने भिजलेली त्याची पाठ माझ्यासमोर होती आणि ती वरखाली होत होती. मग तो म्हणाला, "आज मी जीव काढून इथवर आलोय. तुला माझ्यापेक्षा ते खोकं खरं वाटतं?"

"ते निदान मला बरं वाटावं म्हणून बोलत नाही," ताई म्हणाली.

उतार सुरू झाला. मी माझी वळणं वाजवत राहिलो. ताई झुकत राहिली, पण सवयीने.

त्यानंतरच्या रविवारी दादा आला नाही आणि ताईने त्याला बोलावलं नाही. जोडसायकल जिन्याखाली चादर टाकून उभी राहिली. मला तेलाच्या बाटल्या आणि लवचीक पट्ट्या यांच्या खणात टाकण्यात आलं. मित्रांनो, अडगळीचं दुःख तुम्हाला काय सांगू? तेल गळून माझ्या बटणांत गेलं, त्यावर धूळ बसली, बॅटरी हळूहळू मेली. सुट्टीच्या दिवशी ताई खिडकीशी बसून बाहेरच्या सायकलींच्या घंट्या ऐकायची. कधी वहिनीचा फोन यायचा. "अगं, तुम्हा दोघांच्या भांडणात माझं सँडविच झालंय. हे रविवारी उठतात, कपडे करतात आणि मग खाली जाऊन उभ्या बसच्या काचा पुसत बसतात. काय झालंय, ते तरी सांग!" ताई म्हणायची, "त्यालाच विचार." फोन ठेवल्यावर ती खण उघडायची, मला चाचपायची आणि पुन्हा बंद करायची. मी बरोबर होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या खणात मला बरं वाटत नव्हतं.

शेवटी ताईने ठरवलं की सायकल विकायची, आणि माझ्यासकट विकायची. तिने मला पिशवीत घातलं आणि काकांच्या दुकानात आणून गल्ल्यावर ठेवलं. काकांनी माझं तेल पुसलं, नवी बॅटरी बसवली आणि चालू होतो का ते बघायला संगणकाला जोडलं. मग चष्मा कपाळावर नेऊन ते माझ्या पडद्यावर वाकले.

"ताई, ह्याचा नकाशा केवढा जुना हो! माझ्याही लक्षात नाही आलं. कपाटात पडल्यापासून कुणी बदललाच नाही."

"असू दे. विकायचंच आहे."

"नाही, गिऱ्हाईकाला असा कसा देऊ? हा बघा, खिंडीचा घाट. ह्यात अजून जुनाच रस्ता आहे, वळसे घेत वर जाणारा. आता डोंगर मधूनच कापलाय. सगळे त्या नव्या रस्त्याने जातात. जुना रस्ता केव्हाच दगड टाकून बंद केला."

ताईने गल्ल्याची कड घट्ट धरली. "म्हणजे आता माथा कुठे येतो?"

"त्या कापलेल्या जागीच की. दोन्ही बाजूंना भिंती, मधे रस्ता. पूर्वीपेक्षा खालीच संपतो चढ."

ताई खुर्ची शोधत मागे सरली आणि बसली. काकांनी नवा नकाशा माझ्यात भरला. तो पोटात उतरत असताना मला डोंगर कापलेला दिसला, त्यातून गेलेला सरळ रस्ता दिसला, आणि आम्ही उभे होतो ती जागा दिसली. बरोबर माथ्यावर. माझ्याइतका संशयी प्राणी शोधून सापडायचा नाही, मित्रांनो. पण पोटातल्या नकाशाला मी कधी उलटून एक प्रश्न विचारला नव्हता.

ताई तिथून घरी गेली नाही. सरळ दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं, हाताला धरून तिला टेबलाशी बसवलं आणि आतल्या खोलीकडे बघून "कोण आलंय बघा" म्हणून स्वतः शहाणपणाने कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. दादा समोर येऊन बसला. ताईने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"दादा, घाटात तू खरं बोलला होतास. ह्याचा नकाशा जुना होता. मी तुला नाही नाही ते बोलले. चुकलं माझं."

मला वाटलं आता दादा छाती काढेल, मला शिव्या देईल. तो अधिकार त्याला होता. पण तो टेबलावरच्या मेणकापडाचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला.

"घाटात खरं बोललो होतो," तो म्हणाला. "टाकीच्या चढाला आणि खाणीच्या चढाला नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर हे विकत घेतलं."

दादाने मान वर केली. "आणि तरी काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. रविवार लवकर उरकायचा म्हणून मधूनच वळतोस. विचारलं असतं आणि तू हो म्हणाला असतास, तर? मग माझ्याकडे रविवारच उरला नसता."

"येडी आहेस का तू?" दादा जवळजवळ ओरडला. मग हळूच म्हणाला, "दम लागतो गं मला. पहिल्यासारखं नाही राहिलं. तू मागून ताकद लावतेस, चल दादा, चल म्हणतेस, आणि माझे पाय उचलत नाहीत. थांब म्हणायची लाज वाटायची. मोठा भाऊ ना मी! घाटात तर ठरवूनच आलो होतो, मेलो तरी चालेल पण ह्या वेळी पोहोचायचं. आणि पोहोचलो, तर तू..."

ताई उठली, टेबलाच्या कडेने हात फिरवत त्याच्याकडे गेली आणि तिने त्याच्या पोटऱ्या चाचपल्या, दवाखान्यात चाचपते तशा. "किती आखडल्यात ह्या. कुणाला दाखवल्यास? छातीचा डॉक्टर आधी, मग सायकल. आणि दम लागला की थांब म्हणायचं. मी मागेच असते, कुठे जात नाही." दोघंही रडत होते आणि वहिनी गच्चीवरून कपड्यांची रिकामी बादली घेऊन येऊन दारातच उभी राहिली होती.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि डॉक्टरांनी हळूहळू चालवायला परवानगी दिली. मग एका रविवारी चादर निघाली. बेत पाण्याच्या टाकीच्या चढाचा होता, जो आधी चुकवला होता तोच. माझ्या पोटात ताजा नकाशा, नवी बॅटरी, पुसलेली बटणं. शिट्टीसाठी मी इतका तयार कधीच नव्हतो. चढाच्या पायथ्याशी ताईने हात पुढे केला, मला वाटलं कौतुकाने थोपटेल. तिने माझं बटण दाबून मला बंद केलं.

त्यानंतरचं मला ठाऊक नाही. वहिनीला संध्याकाळी दोघं सांगत होते ते कानावर आलं, तेवढंच. दादा म्हणे तीनदा थांबला आणि तीनदा मोठ्याने म्हणाला, "थांबतो गं, दम लागला." उरलेला चढ दोघांनी सायकल ढकलत पार केला. आणि एका ठिकाणी दादा म्हणाला, "आलो," आणि ताई म्हणाली, "आलो."

तेव्हा मित्रांनो, घरात एखादा जुना वाटाड्या असेल तर त्याला तेलाच्या खणात फेकू नका. त्याची बटणं पुसा, बॅटरी जपा आणि वेळच्या वेळी त्याचा नकाशा बदला. जुन्या नकाशाचा वाटाड्या खोटं बोलत नाही, पण चांगल्या माणसाला खोटं ठरवतो. आणि जो तुमच्या पुढे बसून दमतो आहे, त्याला आधी विचारा, मग मला.

मी आता ताईच्या हँडलवर आहे. वळणं वाजवतो, सपाटीवर कामाला येतो. चढ आला की ती मला बंद करते. परवा टाकीच्या चढाबद्दल दुकानदार काकांनी तिला विचारलं, "खरंच माथ्यापर्यंत गेला होतात?" ताई म्हणाली, "दादा म्हणाला की आलो." एवढंच तिला पुरलं. मला पुरत नाही. त्या दिवसाची वाट माझ्याकडे नोंदलेली नाही, आणि दोघं खरोखर वर पोहोचले की टाकीच्या अलीकडेच बसून आले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.